वाढलेली रेस

यंदा तलावाचं पाणी फारच मागे हटलं. धक्क्याच्या शेवटच्या पायरीखाली आधी चिखल दिसला, मग चिखल सुकून त्याला भेगा पडल्या, आणि त्यापुढे कुणी जन्मात पाहिले नव्हते असे काळे खडक वर आले. होडी धक्क्याला लागेना. खडकांच्या दोन रांगांमध्ये जेमतेम होडीच्या रुंदीची वाट उरली होती. तिथून होडी हळूहळू आत आणायची आणि माणसांनी चपला हातात घेऊन वर चढायचं. पाणी भरलेलं असताना होडी कशीही आणली तरी चालून जाई. आता जपून यावं लागे, आणि नेमकी याच दिवसांत इंजिनाची रेस वाढली.

इंजिन जुनं होतं. मागच्या फळीला अडकवलेलं, टोपणाचा रंग पार उडालेला. नावाड्याने ते घेतलं तेव्हाच वापरलेलं होतं. त्यानंतर त्याची मुलगी लहानाची मोठी होऊन सासरी गेली, तरी ते चालतच होतं. इंजिन सुरू करून नुसतं ठेवलं तर त्याने शांत, रेंगाळत चालावं. हे मात्र जागच्या जागी बोंबलायला लागलं. गिअर टाकला की खालून खाडकन आवाज यायचा आणि होडी दावं तुटलेल्या खोंडासारखी पुढे उसळायची.

एका सकाळी अशीच उसळी बसली आणि परिटाची बायको कपड्यांच्या गाठोड्यासकट चिखलात बसली.

"धुतलेले परत धुवायचे. धंदा दुप्पट झाला म्हणायचा," परीट म्हणाला, पण हसला नाही.

तिला हात देऊन उठवलं ते नावाड्याच्या बायकोने. ही बाई होडीच्या नाकावर दोरी धरून उभी राहायची. काठ आला की आधी उडी तिची, दगड चुकवायचं काम तिचं, माणसांना हात द्यायचं कामही तिचंच. दोन्ही काठ तिला दोरीवाली म्हणत.

"तुझ्या भावाला बोलाव," परीट तिला म्हणाला. "हे इंजिन त्याला एकदा नीट बघू दे. आज गाठोडं पडलं, उद्या कुणाचं लेकरू पडेल. पलीकडे नव्या होडीवाला टपून बसलाय. मंडळी त्याला उतारू न्यायला सांगतील, मग बसा दोघं काठावर."

दोरीवालीला ते काही नवीन नव्हतं. माणसं पार नेण्याचा हा उतार गेला तर दोघांना दुसरं काही येत नव्हतं. नवऱ्याला होडी येत होती आणि तिला नवरा येत होता, एवढंच.

आणि नवऱ्याचं एक गुपित तिच्या एकटीपाशी होतं. त्याला ऐकू येईनासं झालं होतं. पाणी धक्क्याला लागलेलं होतं तेव्हापासून हे तिच्या लक्षात आलं होतं. पलीकडच्या काठावरून कुणी हाक मारली की हा बिडी ओढत बसलेला. "हाक आली," ती म्हणायची. "ऐकलं. बहिरा नाही मी," तो म्हणायचा आणि उठायचा. तिने मग त्याच्या तोंडासमोर जाऊन बोलायची सवय लावून घेतली. मागून जवळ जायचं असलं तर होडीला पायाने हलकासा धक्का द्यायची, म्हणजे तो दचकत नसे. एखाद्या उतारूने काही विचारलं आणि नावाडी गप्पच राहिला, तर ती मध्येच म्हणायची, "माझं इतक्या वर्षांत ऐकलं नाही, तुमचं काय ऐकणार!" होडीभर हशा पिकायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याच्या होडीत कोण बसेल?

तिचा धाकटा भाऊ पलीकडच्या बाजारात पंप आणि मोटारी दुरुस्त करायचा. सगळे त्याला मेस्त्रीच म्हणत. निरोप गेला तसा तो पिशवी घेऊन आला.

"काय दाजी, काही मोडल्याशिवाय आमची आठवण येत नाही."

"तुमच्या घरातून आणलेली एकच वस्तू न मोडता चालली," नावाडी बायकोकडे हनुवटी करून म्हणाला. "बाकी सगळ्याला तुझाच हात लागलेला."

मेस्त्रीने इंजिन सोडवून आणलं, घरापुढे पाण्याने भरलेल्या पिंपावर बसवलं आणि टोपण काढलं. दांड्यावरची रेसची मूठ पूर्ण मिटवली आणि आत वाकून पाहिलं. केबल ताणलेली होती, त्यामुळे हवा सोडणारी आतली पाकळी पुरती मिटत नव्हती. नट सैल करून त्याने केबलला ढिलाई दिली. रेस थोडी उतरली, पुरती नाही. मग त्याने बहिणीकडून वाटीभर साबणाचं पाणी मागून घेतलं आणि चालू इंजिनाच्या कार्बोरेटरभोवती ब्रशने लावत गेला. एका ठिकाणी फेस आत खेचला गेला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर पडला.

"हे बघ ताई, इथून हवा ओढतंय. तेल तेवढंच आणि हवा जास्त, म्हणून पळतंय."

जुनं पॅकिंग बिस्किटासारखं तुटून हातात आलं. त्याने पॅकिंगचा नवा कागद त्या तोंडावर ठेवला, हातोडीने कडेकडेने ठोकत आकार उमटवला आणि कापून बसवला. पण पिंपातली रेस खरी नसते असं म्हणून त्याने इंजिन परत होडीवर चढवलं, होडी दोरीने खडकाला बांधली, गिअर टाकला, आणि मग जागच्या जागी चालण्याची रेस ठरवणारा आयडलचा स्क्रू बोटांच्या टोकांनी इतका सावकाश फिरवला की दोरीवालीला बाळाची टाळू चाचपणारी सुईण आठवली. इंजिन खाली खाली येत गेलं आणि एका जागी स्थिरावलं. टुक, टुक, टुक. तिला फार बरं वाटलं.

"बंद पडलं," नावाडी म्हणाला. त्याने वाकून सुरू करायची दोरी ओढली. चालू इंजिनावर दोरी नुसतीच खडखडली.

दोरीवाली दोघांच्या मध्ये आली. "पुरे तुमची चेष्टा," ती पटकन म्हणाली. "बिचारा सकाळपासून राबतोय."

"परीक्षा घेताय होय मेव्हण्याची?" मेस्त्री हसला. जरा थांबून नावाडीही हसला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती दोरी खांद्यावर टाकून खडकांपाशी उतरली. इंजिन सुरू होतं. नावाडी टोपण काढून त्यावर वाकला होता, कान जवळजवळ आत घातलेला, आणि सुरीच्या टोकाने तो स्क्रू फिरवत होता. थोडं फिरवायचा आणि थांबायचा. पुन्हा फिरवायचा. इंजिन बोंबलायला लागलं तेव्हा कुठे त्याच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. ताप उतरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा निवळला.

तिला सगळं एकदम कळलं. इंजिनाचा बारीक आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. ते चालू आहे हे त्याला फक्त असं कळत होतं. किती दिवसांपासून तो ते रोज थोडं थोडं चढवत होता, कोण जाणे. ती तशीच मागे फिरली, थोडा वेळ वरच्या दगडावर बसून राहिली, आणि मग खाली येऊन तिने होडीला पायाने धक्का दिला. त्याने घाईघाईने टोपण लावलं.

"परत चढलं बघ," तो म्हणाला. "तुझ्या भावाच्या हाताला यशच नाही."

त्या वेळी ती बोलली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती म्हणाली, "बोलावू परत."

मेस्त्री परत आला. केबल पाहिली, पॅकिंग पाहिलं, पुन्हा साबणाचं पाणी लावलं. कुठे काही नाही. मग तो उकिडवा बसून बराच वेळ नुसता बघत राहिला.

"आतलं सील गेलं असणार. इंजिन फोडावं लागेल."

इंजिन फोडलं. एकाच खोलीचं घर. जमिनीवर पोती अंथरली आणि त्यावर सगळे भाग मांडले. रॉकेलच्या वासाने जेवण घशाखाली उतरेना, म्हणून चूल बाहेर हलवली. बाहेर ऊन असं, की चुलीपाशी बसलं तरी फरक कळू नये. मेस्त्री आपलं दुकान बंद ठेवून रोज यायचा. त्या दिवसांत उतारू नव्या होडीवाल्याने नेले. त्याची होडी हलकी, इंजिन नवं, आणि ते खडकांमधून मांजरीच्या पावलांनी आत यायचं. नावाडी काठावर बसून बघायचा आणि रोज मेव्हण्याला नवीन शिवी शोधून ठेवायचा.

दोरीवाली ब्रशने एकेक भाग धुऊन द्यायची. ज्या भागाला काहीच झालेलं नाही हे तिला माहीत होतं, तोही ती घासून लखलखीत करायची. जखम मांडीला, मलम शेंडीला, आणि मलम चोळणारी ती स्वतः.

एकदा भाग पुसता पुसता मेस्त्रीने मान वर न करता विचारलं, "ताई, दाजी याला काही हात लावतात का गं?"

नवरा बाहेर, दारापासून हाताच्या अंतरावर बसला होता. त्याला काही ऐकू जाणार नव्हतं. ती खुशाल बोलू शकली असती.

"छे," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत."

मेस्त्रीने पुसलेला भाग पोत्यावर ठेवला. नवं सील बसवून त्याने इंजिन जुळवलं, होडीवर चढवलं, गिअरमध्ये ठेवून रेस लावली. मग पिशवीतून लाल रंगाची बाटली काढून काडीने कुठेतरी काहीतरी टिपलं आणि टोपण बसवलं. ती दोरी गुंडाळत होती. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी राहिलेली हत्यारं न्यायला आलेला मेस्त्री याच होडीने घरी जायला निघाला आणि भरल्या होडीत इंजिन बोंबललं. गिअर टाकताच दूधवाल्याचा कॅन आडवा झाला आणि सगळ्यांच्या पायांखालून दूध वाहिलं.

नावाड्याने इंजिन बंद केलं. "उठ, मेस्त्री. दाखव आता सगळ्यांना. घरात चूल पेटू दिली नाहीस इतके दिवस, ते कशासाठी?"

मेस्त्री माणसांतून वाट काढत मागे गेला. टोपण उचलून त्याने आत पाहिलं. बघत राहिला. मग स्क्रू फिरवून टोपण खाली ठेवलं.

"माझ्याकडूनच स्क्रू सैल राहिला," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं. याचं सील गेलं, त्याचं पॅकिंग गेलं! तुझं डोकं गेलं ते सांग. नळ जोडणाऱ्याने इंजिनाच्या वाटेला जाऊ नये."

"चुकलं, दाजी."

होडीत कुणी हसलं नाही, हे त्याहून वाईट होतं. दूधवाल्याचा पंप मेस्त्रीकडे दुरुस्तीला पडला होता. दूधवाल्याने पुढच्या बाकावरून सांगितलं की तो तसाच राहू दे, मी घेऊन जाईन. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि दोरी जिच्या हातात होती ती बाई पाण्याकडे तोंड करून उभी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. पण ओठांतून रक्त आलं ते भावाच्या.

मेस्त्री त्यानंतर आला नाही. रेस पुन्हा चढली आणि चढलेलीच राहिली. नावाडी खूश होता. आता इंजिन कसं दणक्यात चालतं असं म्हणायचा. स्वतःला इंजिन ऐकू यावं म्हणून त्याने ते इतकं चढवलं होतं, की त्या आवाजापुढे जगातलं दुसरं काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं.

पाणी आणखी उतरलं. पाण्याखाली होता तो एक खडक वाटेतच वर आला. बाजारहून परत येताना होडी भरलेली होती, वारा मागून होता. दोरीवाली नाकावर उभी होती. खडक जवळ आला तशी ती ओरडली, "मागे घ्या!" होडी तशीच येत राहिली. ती पुन्हा ओरडली आणि मागे न वळता वाकली, हात पुढे करून खडकाला रेटा द्यायला गेली. मागे वळून हात दाखवला असता तर त्याला दिसलं असतं. पण इतकी वर्षं खडक आला की ती पुढेच बघत आली होती. नावाड्याने गिअर सोडला तो खडक दिसल्यावर. होडीचं नाक आणि खडक यांच्यामध्ये तिचा उजवा हात सापडला.

पलीकडच्या दवाखान्यात तिला नव्या होडीवाल्याने नेलं. नावाडी तिच्या शेजारी बसला होता, तिचं डोकं आपल्या खांद्याला लावून, आणि माणसांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "ही ओरडली असती तर मी थांबवली असती. ओरडलीच नाही." होडीत होते त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. तेही तिने आपल्या अंगावर घेतलं. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची टोकं गेली.

दवाखान्याच्या बाकावर मेस्त्री येऊन बसला. नावाडी औषधं आणायला गेला होता.

"मी स्क्रूवर लाल ठिपका टिपला होता, ताई," तो हळू म्हणाला. "अर्धा स्क्रूवर, अर्धा बाहेर. फिरवला तर फुटावा म्हणून. त्या दिवशी भर होडीत टोपण उचललं तर फुटलेला."

"मग बोलला का नाहीस?"

"चारचौघांत काय बोलू? आणि दाजींना ऐकू येत नाही हे तेव्हाच कळलं. दोरी ओढली होती ना त्यांनी, ती आठवली. म्हटलं, तुला माहीत नसेल. कशाला तुझ्या जिवाला घोर."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मेस्त्रीने आपला तळहात बाकावर पसरून ठेवला.

"माझे वस्ताद ठार बहिरे होते," मेस्त्री म्हणाला. "इंजिनावर तळहात ठेवून रेस लावायचे. कधी चुकले नाहीत. हात ठेवायचा, एवढंच होतं गं. एका संध्याकाळचं काम."

दोरीवाली रडली ती तेव्हा. हात ठेचला तेव्हा नव्हती रडली.

उतार नव्या होडीवाल्याकडे गेला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. परीट तर घरी येऊन चहा पिऊन गेला. होडी वर ओढून उलटी घातली. इंजिनाला गिऱ्हाईक आलं, तलावाच्या वरच्या अंगाला जाळी टाकणारा एक कोळी. त्याला ते पाण्यात चालवून पाहायचं होतं, म्हणून मेस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला. दाजींशी एक शब्द बोलला नाही; होडी पाण्यात लोटली, दोरी बांधली, गिअर टाकला, स्क्रू उतरवला. इंजिन खाली येऊन स्थिरावलं.

"वा, आवाज कसा गोड आहे," कोळी म्हणाला.

नावाडी कडेला उभा होता. इंजिनाकडे बघत होता. मेस्त्रीने त्याचा हात धरला आणि तळवा टोपणावर ठेवला. नावाडी आधी ओढून घ्यायला गेला. मग थांबला. टोपणातून बारीक थरथर येत होती, हाताला नीट कळेल अशी.

"चालू आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालू आहे की."

कोळी आणि मेस्त्री व्यवहाराचं बोलायला वर घरापाशी गेले. इंजिन बंद झालं होतं, तरी नावाड्याचा हात तिथेच होता. बायको त्याच्या मागे दोरी सोडवत होती, एका हाताने.

"त्या दिवशी तू ओरडली होतीस का?" त्याने मागे न बघता विचारलं.

"हो," ती म्हणाली. तो तसाच उभा राहिला. तिने होडीला पायाने धक्का दिला नाही. ती चिखलातून फिरून त्याच्या समोर आली.

"ओरडले होते. दोनदा."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या हाताच्या पट्टीकडे.

"मला ऐकू येत नाही, हे कधीपासून माहीत होतं तुला?"

"धक्क्याला पाणी होतं तेव्हापासून."

"मग सांगायचं नाही का गं," तो म्हणाला. रागावून नाही, घरातून निघताना छत्रीची आठवण का केली नाहीस असं म्हणावं तसं, अगदी साधं म्हणाला. त्याच्या वतीने तिने दोन्ही काठांना उत्तरं दिली होती. तिने सोडवलेली दोरी खांद्यावर टाकली.

वरून कुणीतरी मोठ्याने बोलावलं. तिने नेहमीसारखी वाट पाहिली, आणि मग तोंड त्याच्या समोर धरून म्हणाली,

"हाक आली."

"कुठून?" त्याने विचारलं.

तिने पट्टीचा हात वर करून दाखवलं.